पहिला घोट नाकाचा

‘थांबा सर. पहिला घोट नाकाचा.’

असं म्हणून शेजारचे काका माझ्या पेल्यावर स्वतःचा पंजा झाकण ठेवल्यासारखा ठेवत. मी कोरडा घसा घेऊन बसलेला. दोन मिनिटं अशीच जात. मग हात काढून ते पेला माझ्या नाकाखाली धरत आणि विचारत, ‘बोला, काय म्हणून राह्यली?’ व्हिस्की काही म्हणते हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी, परतूरमध्ये कळलं.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे पिणारा माणूस एक तर घाईत असतो, नाही तर लपून बसलेला असतो. धाब्याच्या मागच्या खोलीत तोंड वाकडं करून औषधासारखा घोट घ्यायचा आणि लगेच फरसाणाची मूठ कोंबायची. चव लागू नये यासाठीच सगळी धडपड. मी मूळचा हसनाबादचा. परतूरच्या शाळेत बदलून आलो तेव्हा एवढीच विद्या माझ्याजवळ होती.

शेजारी हे काका राहत. मोंढ्यात एका आडतीवर तीस वर्षं धान्य पारखून निवृत्त झालेले. पोत्यात पोकळ लोखंडी परखी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर काढायचे, त्यावर हलकासा श्वास सोडायचा आणि हुंगायचं. हरभरा पावसात भिजवून पुन्हा वाळवलाय की काय, हे ते दाणा दाताखाली न धरता सांगत. व्यापारी आणि शेतकरी दोघंही त्यांच्याशी भांडत, त्यावरून माणूस प्रामाणिक असावा.

निवृत्तीनंतर पुण्याच्या जावयानं घाबरत घाबरत त्यांना एक बाटली भेट दिली. काकांनी ती आठवडाभर नुसती हुंगली. आठव्या दिवशी जाऊन दारू पिण्याचा आजीवन परवाना काढला, त्याला लॅमिनेशन केलं आणि बैठकीत कॅलेंडरशेजारी टांगला. येणारा पाहुणा आधी परवाना वाचे आणि मग खाली बसे. मी हसलो तर म्हणाले, ‘चोरून प्यायला आपण काय मापात पाप करून राह्यलो का?’

शनिवारची संध्याकाळ आमची ठरली. दोन पेले, तिसरा बिलकुल नाही. काकू समोरच्या खुर्चीत भाजी निवडत बसत. स्वतः कधी थेंबही घेतला नाही. नाकाला पदर लावून म्हणत, ‘जन्मभर पोती हुंगली, आता बाटल्या हुंगा.’

काकांची मापं सगळी मोंढ्यातली. एका व्हिस्कीत त्यांना नवा गूळ सापडे, दुसरीत कोरडं बारदान. एकदा जावयानं स्कॉटलंडची धुरकट वासाची बाटली आणली. काकांनी पेला नाकाशी नेला आणि एकदम ओरडले, ‘हुरडा! आगटीतला हुरडा हाय हा!’ मी हुंगलं. खरंच, शेतातल्या खड्ड्यात गोवऱ्यांवर भाजलेल्या कणसांचा वास. काकांना गहिवरून आलं. ‘सर, तिकडची माणसं बी हुरडा खात असतील काय हो? नुसतंच पाणी कसं काय एवढं बोलंल?’ त्या दिवसापासून स्कॉटलंडविषयी त्यांना परतूर तालुक्याइतकी आपुलकी वाटू लागली.

मग मोबाइलवर बघून कॉकटेल सुरू झाली. ओल्ड फॅशन्डचं त्यांनी ‘जुन्या चालीचं’ असं नाव ठेवलं. त्यात संत्र्याची साल लागते. काका म्हणाले, जालना जिल्ह्यात राहून मोसंबी सोडून संत्र्याच्या दारात कशाला जायचं? इथवर ठीक होतं. पण त्यात बिटर्स नावाच्या कडू अर्काचे दोन थेंब घालायचे असतात. तो परतुरात कुठला मिळायला? काका आयुर्वेदिक दुकानात गेले, काडेचिराईत आणलं, रात्रभर भिजवलं आणि दोन थेंबांऐवजी दोन चमचे घातलं. मी घोट घेतला. लहानपणीचे सगळे ताप आठवले.

‘कसं झालं?’

‘काका, माझा हिवताप बरा झाला.’

काकूंनी हसता हसता भाजीचं ताट सांडलं. काकांनी मात्र पेला निष्ठेनं संपवला. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढे प्रमाण जमलं आणि खरं सांगतो, मोसंबीची साल आणि चिराईताचा एकच थेंब घातलेलं ते जुन्या चालीचं मला आजही मोठ्या हॉटेलातल्यापेक्षा सरस वाटतं. ड्राय मार्टिनी त्यांनी एका ड्राय डेला केली. ‘नावातच हाय ना, सर,’ म्हणाले. मी शिक्षक असूनही त्यांची चूक सुधारली नाही.

करोनाच्या साथीत दोघंही आजारी पडले. उठले, हिंडू फिरू लागले, आमचा शनिवारही पुन्हा भरला. जावयानं कॉफीची लिक्युअर, म्हणजे गोड दारू, धाडली होती. झाकण काढताच बैठकभर कॉफी दरवळली. काकांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘गूळ. नवा गूळ.’

मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली भाजीकडे बघत होत्या.

‘काका, कॉफी आहे ती.’

त्यांनी पेला पुन्हा एकदा नाकाशी नेला. मग म्हणाले, ‘दोन महिने झाले, सर. वासच येत न्हाई कशाचा. आठवणीवर चालवून राह्यलो.’

गवयाचा आवाज जावा तसं ते होतं आणि मी त्यांना वर तोंडावर चूक दाखवली होती. त्यांनी उठून कपाट उघडलं. ‘ह्या बाटल्या तुम्ही घेऊन जा. नाक न्हाई तर ही नुसती दारू झाली. दारू प्यायला मी कधी बसलोच नव्हतो.’

शनिवार तिथेच संपला असता. पण काकूंनी ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. इतकी वर्षं पदराआड ठेवलेलं नाक त्यांनी सरळ त्यात घातलं.

‘कॉफी तर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पण मागून तूप येतंय. डिंकाच्या लाडवाला कढवतो तसलं. खाली लागत आलेलं.’

काकांनी डोळे मिटून घोट घेतला. ‘अजून?’

‘अजून... वेलदोड्याची सालं. आतलं न्हाई, नुसती सालं.’

‘बराबर हुंग. घाई करू नको.’

‘तुम्हीच शिकवा आता मला, फोडणी जन्मभर मीच दिली.’

तेव्हापासून शनिवारी काकू हुंगत आणि काका पीत. काकूंचं नाक काकांपेक्षा तयार निघालं, हे त्यांच्या तोंडावर बोलायची मात्र माझी छाती झाली नाही. नाक परत यावं म्हणून डॉक्टरांनी रोज ठरावीक चार वास घ्यायला सांगितले होते. काकू डब्या आणत आणि काकांना डोळे मिटायला लावत. ‘हे काय?’ ‘लवंग!’ एकदा चारही बरोबर आले. आम्ही टाळ्या पिटल्या. काकू म्हणाल्या, ‘डबीचा आवाज ओळखून राह्यले हे. लबाड!’ दुसऱ्या दिवसापासून सगळं वाटीत येऊ लागलं आणि काका पुन्हा नापास होऊ लागले. वर्ष गेलं. ‘आता न्हाई यायचा, सर,’ असं ते एकदा सहज बोलल्यासारखं बोलले, पण पुढे तो विषय काढला नाही.

आता दोघंही पुण्याला लेकीकडे असतात. शेजारच्या घरात एक तरुण जोडपं आलंय. भली माणसं आहेत, पण शनिवारी माझे पाय त्या दाराशी जाऊन मागे फिरतात. अशा वेळी मला त्या घरातली एकच संध्याकाळ आठवते, त्यांच्या जायच्या आधीच्या थंडीतली.

काकू नवी बाटली हुंगण्यात रंगल्या होत्या. ‘आधी लाकूड,’ त्या सांगत होत्या, ‘मग खारीक, मग...’

‘दूध,’ काका म्हणाले.

‘दूध कुठलं? खारीक म्हणतेय मी.’

‘अगं, दूध! करपून राह्यलंय!’

मला कसलाच वास येत नव्हता. काकूंनाही पेल्यापलीकडचं काही कळलं नव्हतं. आम्ही तिघंही स्वयंपाकघराकडे धावलो. विरजणासाठी ठेवलेलं दोन लिटर दूध उतू जाऊन पातेलं काळं पडत होतं. काका पातेल्यावर वाकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुरानं की कशानं, कोण सांगणार? ‘येतोय,’ ते म्हणत होते, ‘अगं, येतोय! करपट! काय वास हाय!’

साय खरवडून पातेलं विसळून पिणारी ती बाई. काकूंनी शेगडीकडे हात नेला. आता बंद करतील, असं मला वाटलं.

त्यांनी गॅस मोठा केला.