मागे चालायला लावणाऱ्या मावशी

आमच्या पुनर्वसन विभागात पेशंट आला की आम्ही सगळे विचारायचो, काय झालं? मावशी विचारायच्या, घरी विहीर आहे का? संडास किती लांब, उंबरा केवढा, झोपता खाटेवर की खाली, शेताची वाट चढाची की उताराची? लकवा मारलेला एखादा म्हातारा अडखळत आपल्या दुखण्याची कहाणी सांगू लागला की मावशी त्याला मध्येच थांबवून चुलीची उंची विचारायच्या. मी त्यांचं नाव चौकशीमावशी ठेवलं होतं. हे नाव सुचलं तेव्हा मला स्वतःच्या विनोदबुद्धीचं फार कौतुक वाटलं. त्या काळात मला स्वतःच्या बऱ्याच गोष्टींचं कौतुक वाटायचं.

मी नागपुरातून फिजिओथेरपी शिकून नुकताच चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लागलो होतो. दारावरच्या पाटीवर 'डॉ.' ही अक्षरं नावापेक्षा मोठी रंगवून घेतली होती. मावशी विभागातल्या परिचर. कागदावर त्यांचं काम गाद्या झटकणं, फरशी पुसणं आणि पेशंटला धरून आणणं एवढंच. प्रत्यक्षात पेशंट माझ्याकडून व्यायाम शिकून घेत आणि बाहेर जाऊन मावशींना विचारत, हे करू का? मावशी हो म्हणाल्या तर करत. हे मला दीड वर्षानंतर कळलं.

दर बुधवारी आमची गाडी गृहभेटींना जायची. मावशींच्या पिशवीत तेव्हा गाठी मारलेली एक सुतळी असायची. त्या सुतळीने लोकांचे उंबरे आणि ओटे मोजायच्या. एकदा जिवतीच्या डोंगरात कृत्रिम पाय बसवलेल्या एका माणसाकडे गेलो. त्याला मी तीन आठवडे खपून जिने चढायला शिकवलं होतं. त्याच्या अख्ख्या गावात जिना नव्हता. घरापासून पाण्यापर्यंत नुसती दगडगोट्यांची उतरण होती आणि ती तो बसून, सरकत उतरत होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची मेहेरबानी. परतताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "दवाखान्यात तं सगळेच चालतेत, सर. फरशी सपाट अन् धरायले दांडी."

मी ते मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर पार्बताबाईचं एक वर्ष वाचलं असतं.

पार्बताबाई चामोर्शीकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, काटक बाई. शेतात पडून मांडीचं हाड मोडलं होतं. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी आत सळई घालून ते उत्तम जुळवलं आणि पुढचं काम माझ्याकडे आलं. गावातल्या बायकांचा रोवण्याचा गट तीच चालवायची. धानाची रोपं चिखलात कुणी कुठे लावायची, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आधी उतरायचं, हे सगळं तिच्या शब्दावर ठरायचं. तिला एकच गोष्ट हवी होती, रोवण्याला पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं. घरी बसून सुनेच्या हातचं खाणं तिला मरणासारखं वाटत होतं, आणि हे ती सुनेच्या समोरच सांगायची.

मी तिला चालवली. आधी दांड्या धरून, मग काठी घेऊन, मग काठीशिवाय. जुलैच्या सुरुवातीला ती घड्याळ लावून दहा मीटर सरळ चालली, तेव्हा मी कागदावर 'काम करण्यास योग्य' असं लिहून खाली झोकदार सही केली. मावशी बाजूला उभ्या होत्या. "सर, हे बाई रोवण्याची हाये," त्या म्हणाल्या. "मांगं चालवून पाह्यली का?"

मी हसलो. म्हणालो, "मावशी, आपल्याला माणूस पुढे न्यायचा असतो." चार पेशंट ऐकत होते, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो.

आता सांगायला लाज वाटते, पण जन्मभर दोन वेळा भात खाणाऱ्या मला रोवणा कसा करतात ते ठाऊक नव्हतं. वाकून रोप खोचायचं आणि एक पाऊल मागे सरायचं. पुढे चाललं तर आपणच लावलेलं पायाखाली जाईल, हे शेंबड्या पोरालाही समजतं. बाई दिवसभर न बघता, गुडघाभर चिखलात मागे जात असते.

पार्बताबाई दुसऱ्या दिवशी बांधीत उतरली आणि पाचव्या पावलाला उताणी पडली. हाड वाचलं, गुडघा मुरगळला. पण खरं मोडलं ते दुसरंच. गटाने तिच्या जागी दुसरी बाई घेतली, आणि ही पुन्हा आमच्याकडे आली ती खाली मान घालून. मला तिने एका शब्दाने बोल लावला नाही. मावशींना मात्र सांगितलं, "मांगं पाय टाकला का खाली धरतीच नाई रायत, बाई. आता नाई होत माह्याच्यानं."

मी दोन दिवस ती होती त्या खोलीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला बोलावलं ते विभागाच्या मागे, चादरी वाळत घालायच्या दोरीपलीकडे. तिथे कारंज्यासाठी बांधलेला आणि कारंजं कधीच न झालेला एक विटांचा हौद होता. मावशींनी गृहभेटीच्या गाडीतून तळ्याची माती पोत्यांत भरून आणून त्यात ओतली होती आणि नळाचं पाणी सोडलं होतं. पार्बताबाई काठावर खुर्चीत बसलेली. मावशी मला म्हणाल्या, "उतरा, सर. पयले तुमी."

इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी उतरलो आणि मागे चालू लागलो. पायांच्या स्नायूंची सगळी नावं मला पाठ होती, त्यांतला एकही वेळेवर कामी आला नाही. तिसऱ्या पावलाला मी बसलो तो कमरेपर्यंत आत. पार्बताबाई आधी तोंडावर पदर धरून आणि मग पदर सोडून हसली. हसता हसता उठली, मावशींचा खांदा धरला आणि आत पाय टाकला. माझ्या उपचाराचा एवढा गुण कोणालाच कधी आला नव्हता.

नंतर वरिष्ठांचं पत्र आलं. दवाखान्याच्या आवारात साचलेलं पाणी ठेवून डासांना आमंत्रण का दिलं, याचा खुलासा मागितला होता. मी 'जलचिकित्सा' असा भारदस्त शब्द वापरून दोन पानं लिहिली. मावशींनी तोडगा काढला, रोज संध्याकाळी बादलीने पाणी उपसायचं आणि सकाळी नवं भरायचं. उपसायचं काम माझ्याकडे आलं. पार्बताबाई मुलीकडे चंद्रपुरातच राहिली आणि वर्षभर आठवड्यातून तीनदा येत राहिली. मार्चपर्यंत ती वाकून, हातात गवताच्या काड्या घेऊन, हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे जायला लागली. पण हौद म्हणजे बांधी नव्हे. पावसाळ्याआधी ती गावी गेली, तेव्हा मी कागदावर काहीही लिहिलं नाही.

जुलैच्या शेवटच्या दिवशी मावशी निवृत्त होणार होत्या. शाल, नारळ, समोसे आणि माझं भाषण असा बेत होता. भाषण चार पानी होतं. त्यात 'सेवा' हा शब्द इतक्या वेळा होता की वाचून मीच स्वतःवर खूश झालो होतो. सकाळी मावशींचा फोन आला. पार्बताबाईच्या गावात आज तिच्या गटाचा रोवणा आहे, मी पहिल्या बसने इकडे आली, कार्यक्रम तुमी करून घ्या, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सत्कारमूर्तीवाचून सत्कार कसा करायचा? मी गाडी काढून त्यांना आणायला निघालो.

वैनगंगा ओलांडून गावात पोचायला दुपार झाली. मावशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एका मोहाच्या झाडाआड बसल्या होत्या, बांधीतून दिसू नये अशा बेताने. त्यांनी मलाही हाताला धरून खाली बसवलं. समोर दहा-बारा बायका रांगेत वाकलेल्या. पार्बताबाई डावीकडून तिसरी. रोप खोचायची, पाऊल मागे टाकायची, क्षणभर चाचपायची, भार द्यायची. मी नकळत पावलं मोजत होतो. पाचवं गेलं, दहावं गेलं, मग मोजायचं राहून गेलं. धुऱ्याला टेकल्यावर ती सरळ झाली, शेजारणीला कुणाबद्दल तरी काही बोलली, दोघी हसल्या, आणि रोपांची नवी जुडी घेऊन ती पुन्हा वाकली.

माझे डोळे भरून आले होते. पण विभागाच्या फलकावर लावायला फोटो हवा म्हणून मी फोन काढला आणि तिला हाक मारायला उठलो. मावशींनी मला शर्टाला धरून परत खाली ओढलं.

"आवाज नका देऊ, सर," त्या हळूच म्हणाल्या. "तिले आपली याद नाई येऊन राह्यली. हेच तं पाह्यजे होतं."

मी फोन खिशात ठेवला. तिथे भाषणाची चार पानं होती, ती जरा चुरगळली. कार्यक्रम चारला होता. मावशींना उठायची घाई नव्हती आणि मलाही नव्हती, म्हणून आम्ही ती सगळी बांधी लावून होईपर्यंत बसून राहिलो आणि मग झाडामागूनच रस्त्याला लागलो. त्या दिवशी आम्ही तिथे होतो, हे पार्बताबाईला अजून ठाऊक नाही.