आठ आकड्यांचं दार

घरी इंटरनेटचा डबा बसवायला माणूस आला, तेव्हा त्याला तुम्ही काय म्हणालात? "पासवर्ड-बिसवर्ड नको, पटकन जोडून द्या." खरं की नाही?

तारमामालाही सगळे हेच म्हणायचे. एकोणीस वर्षं खांद्यावर शिडी घेऊन त्याने आपल्या वस्तीत वायरी ओढल्या. घाईवर त्याचा उपाय ठरलेला. डब्यामागच्या चिठ्ठीवर आठ आकडी पिन असते. ती टाकली की जोडणी झाली. ही सोय तो चालूच ठेवायचा. तक्रारी कमी, कंपनी खूश.

शिकवणीवाल्या बाईंकडेही तशीच ठेवली. गेल्या महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापकांना धमकीचा मेल आला आणि माग निघाला बाईंच्या जोडणीचा! पोलिसांनी त्यांचा कॉम्प्युटर उचलला. शिकायला बावीस पोरं यायची, आठवड्यात दोन उरली.

मामा मला, त्याच्या हाताखालच्या पोराला, घेऊन चौकीवर गेला. "हवालदारसाहेब, दार मीच उघडं ठेवलंय."

"वायफायला दार असतं होय रे?"

मामाने समजावलं. डबा आठ आकडे एकदम तपासत नाही. पहिले चार बरोबर की चूक, ते आधीच सांगून टाकतो. पुढचे तीन शोधायचे, शेवटचा तर आधीच्या सातांवरूनच निघतो. म्हणजे कोट्यवधी नव्हे, फार तर अकरा हजार वेळा टकटक. पिन सापडली की डबा पासवर्डही सांगतो, मग कुणीही बाहेर बसून बाईंच्या जोडणीवरून मेल धाडू शकतो.

"दाखव करून."

सकाळी नऊला मामा बाईंच्या घरासमोरच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून बसला, शेजारी हवालदार. बाई खिडकीतून म्हणाल्या, "मामा, घरफोडीच करताय तर निदान सावलीत बसून करा."

पावणेचारला बाईंचा पासवर्ड पडद्यावर आला.

हवालदाराने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मामाकडे. "म्हणजे तो मेल तूच धाडला असशील!"

माझं डोकंच फिरलं. मामाने माझा दंड धरला. "तू गप बस. हे होणार ठाऊक होतं मला. बाई सुटल्या ना?"

सुटल्या, पण कागदावर. मामाची नोकरी गेली, दर सोमवारी चौकीवर हजेरी लागते. आणि तुम्ही? 'आग असल्याशिवाय धूर निघतो का' म्हणत पोरं घरीच बसवलीत. अहो, तीच पिन तुमच्याही डब्यामागे आहे!

डबा उलटा करून बघा आणि पिनची सोय बंद करा. जमत नसेल तर मामाला हाक मारा, तो येईल. आणि उद्या संध्याकाळी पोरांना बाईंकडे पाठवा.