ताणावरच्या बागेतलं पाणी

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता धूसर झाल्या. आरोपींचे चेहरे एकात एक मिसळतात, कलमं तर बायकोला विचारावी लागतील अशी अवस्था आहे. पण जानेवारीच्या भर दुपारी एका संत्र्याच्या बागेत आपोआप वाहणारं ते पाणी मात्र आजही जसंच्या तसं दिसतं.

तेव्हा मी अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात ठाणेदार होतो. शेतीची ती वर्षं वाईट होती. अकस्मात मृत्यूचं रजिस्टर उघडायला हात धजत नसे. एखादा बागवाला गप्प गप्प दिसतो म्हणून पोलीस पाटलाचा निरोप आला, तरी मी बीट जमादाराला लगेच पिटाळायचो.

असाच एक बागवाला सकाळी ठाण्यात आला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल. अर्धा तास बाकावर नुसता बसून होता. ठाणे अंमलदाराने दोनदा विचारल्यावर बोलला.

"साहेब, माह्या बागेत कोनीतरी पानी सोडून राहिलं."

मी म्हणालो, "अरे, लोक पाणी चोरतात म्हणून येतात. तुला फुकट मिळतंय तर रडतोस काय?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की माझीच मला लाज वाटली. मी मूळचा घाटावरचा. संत्रं फक्त सोलून खायचं माहीत. मग त्याने समजावलं. आंबिया बहार घ्यायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. दीड महिना पाण्याचा थेंब नाही. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड झोपी जातं. मग जानेवारीत पाणी सोडलं की सगळी बाग एकदम जागी होऊन फुलते. मधेच पाणी मिळालं, तर नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते आणि फूल येत नाही. वर्ष गेलं.

"दोन डाव झालं असं. आनखी एक डाव झालं, तं बाग गेली समजा," तो म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली. फिर्याद लिहून घ्यायला सांगून मी स्वतः त्याच्यासोबत निघालो.

काय सांगू, त्या बागेत शिरलो आणि माझा आवाज आपोआप खाली आला. झाडं खरंच झोपल्यासारखी उभी होती. पायाखाली जमीन भेगाळलेली, वाळल्या पानांचा चुरा, पाखरूसुद्धा नाही. आणि विहिरीजवळच्या हौदाखाली मात्र ओल्या मातीचा वास, चिखलावर पिवळी फुलपाखरं बसलेली आणि तीस-चाळीस झाडांवर कोवळी हिरवी पालवी. इतकं सुंदर दिसत होतं की हे नुकसान आहे, हे मनाला पटेना. बागवाला मात्र त्या पालवीकडे पाहत नव्हता.

त्या हौदावर बैलं पाणी प्यायची, म्हणून मोटरीची लाईन पूर्ण बंद केलेली नव्हती. दोन्ही वेळा मोटर आपोआप सुरू झाली, हौद भरून वाहिला आणि बागवाल्याने येऊन बटण बंद करेपर्यंत पाणी बागेत उतरलं. मोटरीच्या खोलीला कुलूप, चावी बागवाल्याच्या करदोड्याला. आत भिंतीवर एक डबा होता, सिमकार्ड घातलेला. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायचा. बागवाल्याच्या थोरल्या भावाने तो बसवून घेतला होता. भाऊ पावसाळ्यात आजारपणात वारला, तेव्हापासून हा बटणानेच काम चालवायचा. "मले त्या डब्ब्यातलं काई समजत नाई जी. आमच्या दादालेच हौस होती," तो म्हणाला.

मी फ्यूज काढायला लावला, बैलांसाठी बादलीने पाणी शेंदायला सांगितलं आणि पोलिसी डोकं चालवलं. डबा कोणाला समजतो? बसवणाऱ्याला. शेंदूरजनाघाटच्या एका मोटर रिवायंडिंग करणाऱ्या मिस्त्रीने तो बसवला होता. चाळिशीचा मुसलमान माणूस, हाताला कायम वार्निशचा वास. आणला त्याला. त्याचं म्हणणं एकच, "साहेब, अल्लाची कसम, मी डब्बा लावला अन् निंगून आलो. माह्याकडे त्याची चावी नाई."

"चावी कसली? मोबाईल आहे ना!"

"मोबाईलनं नाई होत, जी. दोन निळ्या ओळी राह्यतात, लिंक. एक चालूची, एक बंदची. ज्याच्याजवळ ओळ, त्यानं बोट ठेवलं का हुकूम कंपनीच्या कॉम्प्युटरले जाते, तिथून डब्ब्याले. डब्बा मोटर चालू करते अन् मंग उलटा फोन लावून सांगते का झालं काम. बोट कोनाचं हाये, ते कोनीच पुसत नाई."

मला वाटलं, हा मला शेंडी लावतोय. मी त्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवला, स्टेशन डायरीत नोंद न करता. ही चूक होती आणि ती माझीच होती. तोवर गावात बोभाटा झाला होता. दुसऱ्या एका बागवाल्याने तर ठाण्यात येऊन विचारलं, "यानं आमच्याबी मोटरी खोलल्या हायेत, आमी काय करावं?" मिस्त्रीने ते ऐकलं. आता कोणी त्याला विहिरीजवळ उभं करणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आवाज चढवून त्याला विचारत होतो, आणि टेबलावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. नाव वाचून मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब… हे तं दादाचं नाव हाये. त्याच्या मय्यतीत मी होतो!"

अंमलदार जागचा उठला. माझ्या अंगावरही काटा आला, खोटं का बोलू? मी फोन उचलला, पण बोललो नाही. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

"मिस्तरी, मी बोलून राहिली, अकोल्याहून. बापू, डब्बा काहून बोलत नाई जी? दोन दिवस झाले, मी दाबून राहिली तं फोनच येत नाई. बिघडला का?"

ती त्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यावर लेकीकडे अकोल्याला राहायला गेली होती आणि नवऱ्याचा फोन सोबत घेऊन गेली होती.

मिस्त्री खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला. मग त्याने सांगितलं, की डब्याच्या उलट्या फोनवर आपला आवाज भरता येतो. दादाने हसत हसत दोन आवाज भरले होते. चालूला, "मोटर चालू झाली बरं, पानी निंगालं." आणि बंदला, "झालं आजचं काम. मी आलोच, भाकर टाक."

मिस्त्रीला घेऊन मी अकोल्याला गेलो. वाटेत अमरावतीला त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही. लेकीच्या घराच्या गॅलरीत बाई उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. फोन पदराच्या गाठीत.

"जीव राहे नाई तवा दाबो, साहेब," ती म्हणाली. "फोन येते, ह्यांचा आवाज येते. मले वाटे, डब्बा नुसताच बोलते. खरंच मोटर चालू होते, हे मले कोनं सांगतलं?"

मी सांगितलं, मोटर खरंच चालू झाली होती. बाग ताणावर होती. तिच्या हातातली शेंग खाली पडली.

"बाई बाई बाई! ताणात पानी? अन् माह्या हातानं? चाळीस वर्सं मी त्या बागेत राबली, साहेब!" ती कपाळावर हात मारून घेऊ लागली. "पुसून टाका थ्या ओळी. आत्ता पुसा."

तिने फोन माझ्यापुढे धरला. दरोडेखोरांच्या घरांच्या झडत्या घेतलेला माणूस मी, पण त्या फोनला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मी विचारलं, "बंदची ओळ कधी दाबली?"

"नाई दाबली."

"का बरं?"

"ते आयकलं तं संपलंच ना मंग," ती म्हणाली.

परत येऊन बागवाल्याला सगळं सांगितलं. तो विहिरीच्या काठावर टेकला. मग म्हणाला, "साहेब, फिर्याद फाडा. माह्यी वयनी हाये ती." फिर्याद फाडता येत नसते, हे त्याला समजावलं. गैरसमजातून घडल्याचा त्याचा जबाब घेऊन कागद निकाली काढला. मिस्त्रीला मी चार बागवाल्यांसमोर, चौकात, चुकलो म्हणून सांगितलं. ठाणेदाराने असं करू नये म्हणतात. म्हणोत. त्यानेच डब्यापासून मोटरीची वायर वेगळी केली आणि मग फ्यूज घातला. डबा बोलायचा, मोटर जागची हलत नव्हती.

जानेवारीत ताण तोडायच्या दिवशी बागवाल्याने मला बोलावलं. मिस्त्रीही होता. त्याने वायर पुन्हा जोडली, आणि बागवाल्याने अकोल्याला फोन लावला. "वयनी, बाग तुमचीच हाये. आज पानी तुमी सोडा."

आम्ही तिघं खोलीबाहेर उभे राहिलो. कुलूपबंद खोलीत मोटर घरघरली. पाणी आलं, भेगांत शिरलं, पाटाच्या दांडाने पुढे पुढे गेलं, आणि त्या झोपलेल्या झाडांखालून फिरत राहिलं. बागवाला फावडं घेऊन अनवाणी पाण्यामागे चालत होता आणि भरलेले डोळे पुसत नव्हता. पंधरा-वीस दिवसांत बाग पांढरी झाली. हौदाखालची झाडं तेवढी त्या वर्षी फुलली नाहीत.

कोणी केलं हे मी पहिल्या दिवसापासून विचारत होतो. कशासाठी, हा प्रश्न मला सुचलाच नाही. सुचला असता तर एक भला माणूस दोन दिवस माझ्या बाकावर बसला नसता.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. उन्हं कलली, शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचलं आणि मोटर आपोआप बंद झाली. आमच्यापैकी कोणीच हात लावला नव्हता. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी अकोल्याचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर बाईने उचलला.

"माय, बंदची दाबली का?" मी विचारलं.

"दाबली, साहेब. आयकलं," ती म्हणाली. मागे परातीचा आवाज येत होता. "ठेवा आता. भाकर टाकून राहिली मी."