शिमग्याच्या पाण्यावरचं मशीन

१२ मार्च. सकाळी झऱ्यावर जाऊन पाइपाच्या तोंडाची जाळी घासली. पंधरा दिवसांनी घासावीच लागते, नाहीतर पाला अडकतो, खालचं टर्बाइन मंद फिरतं आणि घरातले दिवे पिवळे पडतात. हे टर्बाइन बाबूअण्णांनी बसवलेलं.

रामनगरात ते पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देत. कुणाकडेही गेले तरी आधी यंत्राशी बोलणार, मग माणसांशी. पाठीवरची वॅट-व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचायची, पंखा बोटाने फिरवायचा, नाक लावून वास घ्यायचा. तोवर चहा निवून जाई. “माणूस खोटं बोलतंय अक्का, पट्टी न्हाई बोलत,” म्हणायचे.

गेल्या चवथीला, गणपतीत, माझी मुलगी शोभा पुण्याहून आली ती ठरवूनच. नोकरी सोडायची, इथे गावी गुंदला राहायचं आणि झऱ्याच्या विजेवर बिटकॉइन काढणारं मशीन चालवायचं. मलाही पटलं. आमची न वापरलेली निम्मी वीज नुसती तार तापवून वाया जाते, आणि लेक घरी येत होती. दोघींनी बादली किती सेकंदांत भरते ते मोजलं. त्या हिशोबाने हजार वॅट सहज निघणार होते. त्या मापाचं मशीन शोभाने निवडलं आणि मी अण्णांना बोलावलं.

शोभा फोनवर बघून मशीन सेकंदाला किती गणितं करतं ते वाचू लागली.

“गणितं ऱ्हाऊ दे बाय. तेवढ्याला वीज किती खातंय ते सांग.”

तिने सांगितलं.

“आणि बिटकॉइन न्हाई परवडलं तर? भात तरी कांडतंय काय?”

“नाही अण्णा. हे एवढं एकच काम करतं. नाहीतर भंगार.”

“मग नवरा बघतोय तसं बघाय पायजे,” म्हणत ते हसले. “पाणी कधी मोजलंत?”

“काल.”

“चवथीचं पाणी पाव्हण्यासारखं. मोठ्यानं बोलतंय नि जातंय. शिमग्याला उरतंय ते आपल्या घरचं. त्येच्या मापाचं मशीन घे.”

“म्हणजे सहा महिने थांबू?” शोभा चिडली.

“हितला माणूस पंप घेताना थांबतोय. तू शिकलीस म्हणून थांबायचं न्हाई व्हय?”

शोभा राजीनामा न देताच परत गेली. महिनाभर मी अण्णांशी धड बोलले नाही. लेक दारात आली होती आणि यांनी तिला पाण्याचं माप सांगून माघारी पाठवलं, असंच वाटत होतं. ते मात्र येत राहिले, टर्बाइनला तेल घालून जात. “राग धरा अक्का, पण बेअरिंगकडं बघा,” एवढंच म्हणायचे.

पौषात ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. दुकानात एक मोटार नुकतीच भरून वार्निश वाळायला टांगलेली होती. ज्याची होती तो घेऊन गेला. चालते म्हणतात.

आज जाळी घासून झाल्यावर पाणी मोजलं. साडेतीनशे वॅट. त्यातले दीडशे आमच्या दिव्यांना आणि फ्रिजला लागतात. हजाराचं मशीन घेतलं असतं तर ते आज बंद पडून राहिलं असतं, आणि शोभाकडे नोकरीही नसती. मी तिला फोन करून आकडा सांगितला.

ती म्हणाली, “दोनशे वॅटची लहान मशीनं मिळतात आई. त्यावर माझं पोट भरणार नाही. म्हणून कंपनीला विचारलं होतं. घरून काम करायला हो म्हणालेत.”

“हे कधी विचारलंस?”

“अण्णा गेले त्या आठवड्यात. फक्त पाण्याचं माप यायचं होतं.”

“मग ये,” मी म्हटलं.

१३ मार्च. सकाळी मागच्या खोलीतली भाताची पोती पडवीत काढली. त्या खोलीच्या पलीकडे आम्ही सुपारी वाळवतो. मशीनची गरम हवा तिकडे सोडायला भिंतीला भोक जिथे पाडायचं, तिथे कोळशाने गोल काढला आणि गवंड्याला निरोप पाठवला.