दोन ते तीनचा तास

किस्से जमवावे लागत नाहीत. सहा माणसं दर बुधवारी एका खोलीत गुडघे टेकायला लागली की ते घड्याळातल्या धुळीसारखे आपोआप साठतात. तिरोड्यात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून धूळच आठवली. आमची प्रार्थना-संगती माझ्या घरी भरते. कोण आलं, काय वाचलं, कोणासाठी मागितलं, हे मी वहीत लिहितो. लिहा असं कोणी सांगितलं नव्हतं. सवय आहे.

त्या वहीत एक ओळ खोटी आहे. ती माझ्याच हातची. पण ती एकदम नाही आली. तिच्याआधी बरंच काही आलं, ते आधी सांगतो.

*

सुरुवात टोपलीपासून. दाराशी बांबूची टोपली ठेवली होती. आत येताना मोबाइल त्यात टाकायचा. हा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून केला, कारण त्याच महिन्यात दानियलच्या हृदयाच्या नसा बंद होत असल्याचं कळलं होतं. दानियल वीज केंद्रात फिटर, आमच्यातला सगळ्यात दणकट गडी. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण साखर ताब्यात येईपर्यंत थांबा म्हणाले. त्याच्या बायकोनं, रूथनं, आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. दर बुधवारी यांचं नाव घ्या.

पहिल्याच बुधवारी सुलोचना मालिका बघत बघत आली. ती शिवणकाम करते, मशीनवर बसूनही बघते. फोन बंद केला असं तिला वाटलं. आम्ही डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणत अपराध्यांना क्षमा करण्यापर्यंत पोचलो, आणि टोपलीतून एक सासू कडाडली, "आज मी तुला सोडणार नाही!"

सुलोचना डोळे न उघडता म्हणाली, "माही सासू नव्हे जी, मालिकेतली होय."

सगळे हसले. दानियल तर छाती धरून हसला. त्याचा छातीवरचा हात पाहून आम्ही गप्प झालो.

*

संगती सातला भरत असे. मग साडेसहाला आली, मग सहाला. कारणं निघत गेली. उन्हाळी धानाची रोवणी सुरू आहे, बांध्यांत पाणी आहे, डास वाढलेत. खरं कारण सात वाजताची मालिका होती. ते कोणी बोललं नाही. मीही नाही, आणि माझ्या घरातही ती चालूच होती.

प्रार्थना कधी सुरू झाली, कधी संपली, हे मी मिनिटासकट लिहितो. पानं उलटली की प्रार्थना आखडत गेलेली दिसते. नावं शेवटी घेतली जात, त्यामुळे कात्री लागली ती तिथेच.

एका बुधवारी मालिकेत लग्न होतं. माझ्या बायकोनं, सुशीलेनं, भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा पाहिलं. मी आमेन म्हटलं. सगळे उठले, चपला घालू लागले. रूथ जागची हलली नव्हती.

"शांतवनभाऊ, यांचं नाव राहिलं."

आम्ही पुन्हा गुडघे टेकले. पायातल्या चपलांसकट.

*

दानियल रजेवर घरीच होता. दिवसभर गुंडांची एक वेब सिरीज बघायचा. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं आपणहून खुलासा केला. शिवी आली की तो आवाज बंद करतो, हा त्याचा नियम आहे.

आतून रूथ म्हणाली, "हो भाऊ, आवाज बंद करतेत. अन् मंग कोणती शिवी होती, ते मले आपल्या तोंडानं सांगतेत."

दानियल लाजला, पण टीव्ही सुरूच राहिला. पडद्यावर गोळीबार सुरू झाला तसा त्याच्या कपाळावर घाम आला. रूथ बाहेर आली. तिनं टीव्ही बंद केला नाही, नवऱ्याशी भांडलीही नाही. त्याचं मनगट धरून शेजारी बसली. तो बघत होता आणि तिचे ओठ हलत होते.

मी घरी येऊन हे लिहून ठेवलं. दुसऱ्याचं लिहायला मला कधी जड गेलं नाही.

*

आमच्यातल्या वयानं मोठ्या फुलवंताबाई. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. पुनरुत्थानाच्या सणाआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्यात त्या टीव्हीवर विणलेला पडदा टाकतात. यंदाही टाकला होता. त्यांचं घड्याळ बघायला गेलो तर पडदा जागच्या जागी, आणि पडद्याआड कोणीतरी हुंदके देऊन रडत होतं.

मी म्हटलं, "बाई, उपवासकाळ आहे ना?"

"मंग? पाहून कुठं राहिली मी? ऐकून राहिली."

मी हसलो. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "कानाले पडदा घालता येत नाही, भाऊ."

दोन दिवसांनी टीव्हीची वायर काढून त्यांनी सुशीलेच्या हातात दिली. सण झाला, उन्हाळा चढला, तरी ती वायर आमच्याच कपाटात पडून होती.

*

मे महिन्यात दानियलला नागपूरला नेलं. ऑपरेशनच्या दिवशी मागे राहिलेल्या आम्ही चौघांनी साखळी धरली. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत, प्रत्येकानं पाळीपाळीनं दोनदा एकेक तास, आपापल्या जागी, गुडघ्यांवर. तास संपला की पुढच्याला फोन करायचा. "जागे आहात?" एवढंच विचारायचं. पुढच्यानं "जागा आहे" म्हणायचं आणि बसायचं. मधे खंड पडू द्यायचा नाही. पाळी द्यायला-घ्यायला म्हणून त्या दिवशी मोबाइल जवळ ठेवायची मोकळीक होती.

दोन ते तीन माझा दुसरा तास. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. मोबाइल समोर उभा केला होता आणि मॅच सुरू होती. पाळी यायची आहे तोवर बघू, म्हणून लावलेली. बरोबर दोनला फुलवंताबाईंचा फोन आला.

"जागे आहात?"

"जागा आहे."

दोन षटकं बघू, मग गुडघे टेकू, असं ठरवलं. दोन षटकं झाली आणि विकेट पडली. नवा गडी कसा खेळतो ते पाहू म्हटलं. मान वर केली तेव्हा भिंतीवरची सगळी घड्याळं तीनला एक मिनिट कमी दाखवत होती. वेळेच्या बाबतीत माझी चूक होत नाही. ठीक तीनला सुलोचनेला पाळी दिली. मग वही उघडून लिहिलं: "दोन ते तीन, शांतवन. साखळी अखंड." अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

चारनंतर रूथचा फोन आला. अडीचच्या सुमाराला रक्त थांबत नव्हतं म्हणे, डॉक्टरांची धावपळ झाली. आता दानियल सुखरूप आहे. ती रडत होती, आणि मी फोन घट्ट धरून हो हो म्हणत होतो.

*

दीड महिन्यानं दानियल काठी न घेता चालत आमच्या दारात आला. उपकारस्तुतीची सभा होती, गोंदियाहून चर्चचे पाळकसाहेब आले होते. रूथनं साक्ष देण्यासाठी माझी वही मागून घेतली. मी उगाच शोधल्यासारखं केलं. सुशीलेनं ती फळीवरून काढून तिच्या हातात ठेवली.

रूथ एकेक तास वाचू लागली. ज्याचा तास, त्यानं उभं राहायचं. आठ ते नऊ, सुशीला. नऊ ते दहा, सुलोचना. मी बोटांवर तास मोजत होतो. एक ते दोन, फुलवंताबाई. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"दोन ते तीन," रूथ म्हणाली आणि थांबली. "याच तासात यांचं रक्त थांबत नव्हतं. शांतवनभाऊ, उभे राहा."

मी उभा राहिलो. दानियल माझ्याकडे बघून हसला.

मी म्हटलं, "मी मॅच पाहत होतो."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. रूथनं ती ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग त्या वक्ती यांच्यासाठी कोणीच नव्हतं?"

"होती ना मी," फुलवंताबाई म्हणाल्या. त्या अजून भिंत धरून उभ्याच होत्या. "शांतवनभाऊले दोनले फोन लावला, तं मागून मॅच ऐकू येऊन राहिली होती. मंग मी उठलीच नाही. तीनपर्यंत बसली."

मी खिशातून पेन काढलं आणि वहीसाठी हात पुढे केला. रूथनं वही दिली. ओळीवर पेन टेकवलं, तेवढ्यात फुलवंताबाईंनी माझं मनगट धरलं.

"खोडू नोका, भाऊ. माहं नाव बाजूले लिवा."