थेट गिऱ्हाइकाच्या दारात

विकलेली वस्तू आपली राहत नाही, एवढी एकच गोष्ट आमच्या साडूंना आयुष्यात कधी कळली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं तपासणी खात्यात होते. त्यांनी पास केलेला पार्ट कधी परत आला नाही, असं तिथले लोक सांगत. मुळात त्यांच्या हातून पार्ट पास होणंच कठीण, असंही सांगत. घरी पोळीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघतात. माझ्या लग्नात पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून घड्याळ दोन मिनिटं मागे असल्याचं सांगितलं आणि मग माझं नाव विचारलं.

कंपनीने ती लाइन बंद केली, साडू मुदतीआधीच निवृत्त झाले आणि काळेवाडीत एक पत्र्याची शेड घेऊन सायकली बनवायला बसले. बनवायच्या, वेबसाइटवर टाकायच्या, खोक्यात भरून थेट गिऱ्हाइकाच्या दारात पाठवायच्या. "दुकानदार हवाय कशाला? मधला माणूस कट, राव!" असं ते मला हातातला पाना नाचवत म्हणाले. ताईंनी तेव्हाच विचारलं होतं, "आणि खोक्यातली सायकल जोडणार कोण?" साडू म्हणाले, "गिऱ्हाईक जोडेल. चार बोल्ट तर आहेत."

त्या चार बोल्टांनी घात केला. खोक्यात मावावी म्हणून सायकलचं पुढचं चाक, हँडल, सीट आणि पेडल काढून ठेवावी लागतात. त्यातल्या डाव्या पेडलचे आटे उलटे. ते नेहमीसारखं फिरवलं तर बसत नाही. लोक जोर लावून बसवत, आटे खराब करत आणि वेबसाइटवर एक तारा देऊन मोकळे होत. साडूंनी मग जोडणीचा अडतीस मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यातली पहिली अकरा मिनिटं खाली वर्तमानपत्र कसं अंथरावं यावर होती. तो पूर्ण बघायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा वर्तमानपत्रावरच झोप लागली.

ऑर्डर आली की साडूंना आनंद व्हायच्या ऐवजी काळजी लागे. लगेच फोन. "जय भीम, सायकल कारखान्यातून बोलतोय. तुमची उंची? पायाची लांबी? पँटवरून नको, नीट मोजा. रोज चालवणार ना?" लातूरच्या एका माणसाने प्रामाणिकपणे "बघू, जमलं तर" असं सांगितलं, तर साडूंनी त्याची ऑर्डर रद्द केली. "त्याच्या बाल्कनीत तिच्यावर टॉवेल वाळत पडतील. नाही देत मी." जळगावच्या एकाला हँडल सरळ बसेना, तर हे एसटीने जळगावला गेले, हँडल बसवलं, चेनला तेल घातलं आणि येता येता त्याच्या शेजाऱ्याचे ब्रेकही आवळून आले. ताई म्हणाल्या, "मधला माणूस काढायला निघाले होते. आता सगळ्या महाराष्ट्राच्या मध्ये हेच उभे."

इथवर आम्ही हसत होतो. मग एके दिवशी वेबसाइटवर देहूरोडच्या एका गृहस्थांचा साधा प्रश्न आला: पुढच्या चाकाचा नट वेगळा मिळेल का? साडूंनी फोन केला तेव्हा कळलं, नट नीट आवळला नव्हता, गतिरोधकावर चाक निसटलं आणि त्यांच्या मुलीची हनुवटी फाटली. साडू मला घेऊन तसेच निघाले. मुलीच्या हनुवटीला टाके होते. वडील उलट ओशाळलेले. "अहो, चूक माझीच. पोरगी थांबेना, आणि तो व्हिडिओ इतका लांब…"

"नट सैल होता आणि मी इथे नव्हतो," साडू म्हणाले, आणि खाली बसून चाक लावू लागले. मुलगी बघत उभी होती. "काका, आता निघणार नाही ना?" ज्या माणसाने बावीस वर्षं हजारो पार्टांवर सही केली, त्याला त्या पोरीला 'नाही' एवढं म्हणता आलं नाही. त्यांनी नट तीनदा तपासला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेबसाइटवर ऑर्डर घेणं बंद केलं आणि आजवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन लावले. "तेवढा पुढचा नट बघा हो, हात जोडतो." कुणी हसलं, कुणी फोन ठेवून दिला. एकाने विचारलं, "आता ओटीपी मागणार ना?" साडू दोन दिवस घसा बसेपर्यंत बोलत राहिले. शेड गेली. आता ते पुन्हा चाकणला जातात, कंत्राटावर, फर्स्ट शिफ्टला, त्यांच्या मुलाच्या वयाच्या साहेबाच्या हाताखाली. सायकलचा विषय घरात कुणी काढत नाही.

मला मात्र ती शेवटची सायकल आठवते. ऑर्डर बंद करण्याआधी सांगवीच्या एका बाईंनी ती मागवली होती. साडूंनी ती खोक्यात घातलीच नाही. पूर्ण जोडली आणि स्वतः चालवत सांगवीला निघाले. मागून स्कूटरवर मी. बाईंसमोर त्यांनी सीट त्यांच्या उंचीला लावली, ब्रेक दाबून दाखवले, नट हाताने फिरवायला लावला.

"डिलिव्हरीवाले एवढं करतात?" बाई खूश होऊन म्हणाल्या. "तुमच्या मालकांना सांगा, माणूस चांगला ठेवलाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात साडू म्हणाले, "सांगतो, मॅडम."

बाई सायकलवर बसल्या, जरा डगमगल्या, सावरल्या आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. साडू फाटकाशी उभेच होते. मी स्कूटर सुरू केली, हॉर्न वाजवला. त्यांना काही तो ऐकू आला नाही.