काटे काढणारी जनाआत्या

जनाआत्याच्या डोळ्यांचं औषध मी बंद पाडलं. थेंब सुरू करून आठ दिवस झाले होते, पापण्यांची लाली उतरली होती. म्हणालो, "झालं की बरं! आता कशाला वाया घालवतेस?" वाडीत बारावी सायन्स झालेला मी एकटाच, त्यामुळे तिनं ऐकलं. शहापूरच्या डॉक्टरांनी चार आठवडे सांगितले होते. मला ठाऊक होतं. चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती.

पंधरा दिवसांत पापण्या पुन्हा सुजल्या. सकाळी खपली धरून चिकटायच्या, दिवसभर चुरचुर, नजर धूसर.

दुसऱ्या कुणाचं एवढं अडलं नसतं. पण जनाआत्या शेणव्याजवळच्या आमच्या वाडीची काटे काढणारी. टाचेत मोडलेला बोरीचा काटा ती सुईच्या टोकानं अलगद उचलते. पैसे घेत नाही. ज्याचा काटा निघाला त्यानं एक काटेरी फांदी आणून तिच्या परसाच्या कुंपणाला लावायची, एवढाच रिवाज.

त्या दिवसांत शेजारच्या देवकीच्या पायात तिची सुई भलतीकडेच गेली. रक्त आलं. "राहू दे गो आत्या," म्हणत देवकी लंगडत दवाखान्यात गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर आत्याला बरं वाटलं असतं. सुई डबीत गेली ती गेलीच.

मी आत्याला पुन्हा शहापूरला नेलं.

"थेंब कुणी थांबवले?" डॉक्टरांनी विचारलं.

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागलो.

"ह्या सायन्सवाल्यानं," आत्या म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. रोज कोमट फडक्यानं शेका, पापण्यांची कड पुसा. आणि बरं वाटलं तरी थेंब सांगितले तितके दिवस टाका."

"म्हंजे शेतातल्या गवतावानी. एकदा काढून भागत नाय."

घरी येऊन तिनं भिंतीवर कोळशानं अठ्ठावीस रेघा ओढल्या. थेंब टाकायची शिक्षा मला.

"हात धुतलेस काय? नळी पापणीला लावू नको. बारावीत ह्ये नाय शिकवलं?"

रोज एक रेघ पुसत गेलो. सत्ताविसाव्या दिवशी माझ्याच टाचेत काटा मोडला. मी दवाखान्याचं नाव काढताच आत्यानं डबी उघडली.

"बस गपचीप."

"दिसतो काय गो आत्या?"

"काटा दिसतो, वरचा मळबी दिसतो. आंघोळ करतोस ना रे?"

मी मळ बघायला वाकेपर्यंत काटा तिच्या तळहातावर होता. देवकी ओट्याखाली उभी राहून सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी ती लंगडणाऱ्या सासऱ्याला घेऊन आली.

आता ओट्यावर पुन्हा लोक पाय पुढं करून बसतात. शेक आणि पुसणं आत्या एक दिवस चुकवत नाही. कुंपणही दाट झालंय. फक्त दाराजवळ एक भगदाड आहे, तिथून शेळी आत शिरते.

"ती तुझी जागा," आत्या मला रोज दाखवते.

फांदी तोडायला बोरीखाली जावं लागतं. टाच अजून जरा दुखते, असं मी सांगत असतो.